श्रावणबाळाचं एटीएम कार्ड कुणाच्या खिशात?

तुमच्या गावच्या बाजारात एखादं ग्राहक सेवा केंद्र असेलच. धडगावात असेल, तळोद्यात असेल, नवापूरला स्टँडजवळ असेल. महिन्यातून एखाद्या दिवशी तिथे सकाळपासून म्हातारी माणसं बसलेली दिसतात. कुणी पायरीवर, कुणी समोरच्या टपरीच्या सावलीत. 'श्रावणबाळचे पैसे आलेत' असा निरोप कुणीतरी दिलेला असतो. आत गेल्यावर यंत्रावर अंगठा लावायचा. पण ज्या हातांनी जन्मभर निंदणी केली, कोयता धरला, त्यांच्या बोटांवर रेषा उरतात कुठे? अंगठा लागत नाही. मग दुसरं बोट. मग दुसरा हात. मग केंद्रवाला म्हणतो, "आजी, हात पुसून या."

आणि अशा बऱ्याच आजींच्या शेजारी एक नातू किंवा नात उभी असते. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात पासबुक. घरात वाचता येणारं, ओटीपी समजणारं, बँकेत साहेबाशी मराठीत बोलू शकणारं तेवढंच एक माणूस असतं. म्हणजे तुम्ही. काही वर्षांपूर्वी मीही होतो.

माझी आजी शहादा तालुक्यातल्या आमच्या गावी राहायची. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो तेव्हा तिला महिन्याला हजार रुपये मिळायचे. तिचं एटीएम कार्ड माझ्याकडे असायचं. पिन मीच टाकलेला, माझ्या जन्मसालाचा. दर महिन्याला मी हजार काढायचो आणि तिच्या हातात आठशे द्यायचो. उरलेल्या दोनशेत माझा रिचार्ज व्हायचा. तिने विचारलं तर सांगायला उत्तर तयार होतं, 'मशीन कापतं'. तिने एकदाच विचारलं. मी उत्तर दिलं. तिने नोटा पदराच्या गाठीत बांधल्या आणि म्हणाली, "राहू दे भाऊ, तुलेच लागतीन."

म्हणजे तिला माहीत होतं. तिने घरात कुणाला सांगितलं नाही. पिन मात्र तिला शेवटपर्यंत माहीत नव्हता.

तेव्हा कुणी मला 'तू आजीचा छळ करतोस' असं म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. छळ म्हणजे मारणं, उपाशी ठेवणं, घराबाहेर काढणं. मी तर आजीचा लाडका होतो! आज मी हे लिहितोय ते एवढ्याचसाठी, की आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांचा छळ 'छळ' या नावाने होतच नाही. त्याला घरातली साधी, रोजची नावं असतात. 'सांभाळणं', 'मदत', 'त्यांना काय कळतंय', 'वय झालं आता'. नाव साधं असलं की माणसाच्या डोळ्यांसमोर घडलेलंही दिसत नाही.

छळ म्हणजे नेमकं काय?

१५ जून ही तारीख तुमच्या-माझ्या डोक्यात शाळा उघडण्याची तारीख म्हणून बसली आहे. हाच दिवस संयुक्त राष्ट्रांनी वृद्धांच्या छळाविरुद्ध जागृती करण्याचा जागतिक दिवस म्हणून ठरवला आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा, की जगात साठीच्या पुढच्या साधारण सहा माणसांपैकी एकाला वर्षभरात कुठल्या ना कुठल्या प्रकारच्या छळाला तोंड द्यावं लागतं.

या संघटनेची व्याख्या सोप्या भाषेत सांगायची तर अशी: ज्या नात्यात म्हाताऱ्या माणसाने विश्वास ठेवलेला असतो, त्याच नात्यातल्या माणसाने एकदा किंवा पुन्हा पुन्हा असं काही करणं, किंवा करायला हवं ते न करणं, ज्याने त्या माणसाला इजा होते, त्रास होतो. यात मारहाण आली, लैंगिक अत्याचार आला, टोचून बोलणं आणि धाक दाखवणं आलं, पैसे आणि जमीन लाटणं आलं आणि हेळसांडही आली.

या व्याख्येतली दोन टोकं नीट बघा. पहिलं, 'विश्वास'. चोराने आजीचे दोनशे रुपये नेले तर ती चोरी. मी नेले तर ती चोरीपेक्षा वेगळी गोष्ट आहे, कारण ती पोलिसात जाणार नाही, शेजारणीलाही सांगणार नाही. दुसरं, 'न करणं'. हात उगारला नाही म्हणून आपण सुटलो असं होत नाही. औषध संपलंय हे माहीत असून आणलं नाही, तेही यात येतं.

आपल्या जिल्ह्यात त्याची नावं काय?

आता हीच व्याख्या घेऊन आपल्या गावात फिरून येऊ.

पहिलं नाव 'मदत'. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरच्या निराधारांना मिळणारी रक्कम २०२३ पासून महिना १५०० रुपये झाली. ज्या पौराणिक श्रावणाने आंधळ्या आई-बापाला कावडीत बसवून नेलं, त्याचं नाव या योजनेला आहे. कावडीचा भार त्याच्या खांद्यावर होता आणि जायचं कुठे ते आई-बापाने ठरवलं होतं. आपल्याकडे उलटं झालंय. कार्ड नातवाकडे, पिन नातवाकडे, बँकेचा मेसेज येतो तो मोबाईल नंबरही नातवाचा. पैसे आले की नाही, किती आले, हे आजीला आपण सांगू तेवढंच कळतं. तिला आपण वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायला नेतो. ती जिवंत आहे याचा कागद सरकारला हवा असतो. पण तिच्या पैशाचं काय करायचं, हे त्या जिवंत बाईला विचारायचं राहून जातं.

दुसरं नाव 'कागदपत्रं करून टाकू'. "आजोबा, आज ना उद्या आमच्याच नावावर होणार आहे, आत्ताच करून टाका." वाक्य ओळखीचं आहे ना? काही घरांत ते प्रेमाने म्हटलं जातं, काही घरांत जेवणाचं ताट पुढे सरकवायच्या आधी. सही किंवा अंगठा झाला, की काही महिन्यांनी आजोबांची खाट ओसरीवरून गोठ्याकडे सरकते. कुणी ढकलत नाही, ती सरकतेच.

इथे आपल्या जिल्ह्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली आपल्याकडे कितीतरी कुटुंबांनी जमिनीचे दावे केले. जंगलात आपण आधीपासून कसत होतो हे सिद्ध कसं करायचं? त्या कायद्याच्या नियमांमध्ये जे पुरावे चालतात, त्यात एक आहे गावातल्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब. म्हणजे नाला कुठे होता, पहिलं शेत कुणी फोडलं, हे ज्या म्हाताऱ्यांना आठवत होतं त्यांच्या शब्दाला सरकारने पुरावा मानलं. त्या आठवणीवर घरात जमीन आली. पट्टा मिळाला तोही नवरा-बायको दोघांच्या नावाने, कारण कायदाच तसं सांगतो. तो विकता येत नाही, फक्त वारसाने पुढे जातो. नवरा गेल्यावर त्या पट्ट्यावर म्हातारीचं नाव असतंच. पण 'तिला काय विचारायचं?' म्हणून पीक काय घ्यायचं, पैसे कुठे गेले, यातलं काहीही तिच्यापर्यंत पोचत नाही. जिच्या पिढीच्या शब्दावर जमीन आली, तिचाच शब्द घरात चालेनासा होतो.

तिसरं नाव 'गावाला असतात ते'. दिवाळी झाली की सातपुड्यातली कितीतरी घरं ऊसतोडीला गुजरातकडे निघतात, बारडोलीच्या पट्ट्यात. होळीला माणसं परतायला लागतात. तोवर गावात राहतात म्हातारी आणि लहान पोरं. आता याला मी छळ म्हणणार नाही. पोट भरायला जाणारं माणूस गुन्हेगार नसतं. पण एक फरक करायला शिकलं पाहिजे. जाताना धान्य भरून ठेवलं, रेशन कोण उचलणार ते ठरवलं, बीपीची गोळी किती दिवस पुरेल ते पाहिलं, आठवड्याला फोन केला, ही झाली नाइलाजातली काळजी. आणि 'पोरं सांभाळायला म्हातारी आहेच' म्हणत चार नातवंडं, सहा शेळ्या आणि पाण्याचे हंडे तिच्यावर टाकून होळीपर्यंत विसरून जाणं, ही झाली हेळसांड. दोन्ही घरं गरीबच असतात. फरक पैशाचा नसतो.

चौथं नाव 'ते असंच बोलतात एकमेकांशी'. "मरत पण नाही." "खायला कार, भुईला भार." हे आपण रागात, चेष्टेत, कधी कधी पाहुण्यांसमोर बोलतो. ऐकणाऱ्याला ऐकू कमी येतं असं आपण धरून चालतो. लग्नात घरच्या म्हाताऱ्याला 'धूळ असते, गर्दी असते' म्हणून घरी ठेवतो. गावातल्या मैत्रिणीकडे जायचं तर 'कशाला फिरतेस?' म्हणतो. कुणाशी बोलायचं, कुठे जायचं, हे एकेक करून बंद होत जातं. शेवटी ते माणूस खाटेवर बसून दाराकडे बघत राहतं आणि आपण म्हणतो, "आजकाल बोलतच नाही, वय झालंय."

पाचवं नाव घ्यायला जड जातं

पाचवं नाव आहे 'डाकीण'.

तुम्ही धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, शहादा या भागातले असाल तर हा शब्द तुम्ही पुस्तकात वाचलेला नाही, ऐकलेला आहे. कुणाचं मूल तापाने फणफणतं, कुणाची म्हैस आटते, एखाद्या घरात पाठोपाठ दोन मरण येतात. कारण सापडत नाही. मग कुणीतरी कुठल्यातरी भगताकडे जातं आणि नाव येतं. ते नाव सरपंचाचं नसतं, चार मुलं पाठीशी असलेल्या बाईचंही सहसा नसतं. बहुतेकदा ते एखाद्या वयस्कर, एकट्या, विधवा बाईचं असतं. आणि पुष्कळदा तिच्या वाट्याला थोडी जमीनही असते. मग तिच्या दारावरून जाणं बंद, तिच्या हातचं पाणी बंद, मग मारहाण. आपल्या जिल्ह्यात जीव गेल्याच्या बातम्याही आपण वाचल्या आहेत.

याला आपण 'अंधश्रद्धा' म्हणून वेगळ्या कप्प्यात टाकतो. तिथे ते आहेच. पण वृद्धांच्या छळाच्या कप्प्यातही ते टाकून बघा, मग त्यातली पायरी दिसेल. ज्या बाईला आधीपासून कुणी विचारत नाही, जिचा हिस्सा कुणाला तरी हवा आहे, जी एकटी पडली आहे, तिच्यावर हा शिक्का मारणं सोपं जातं. शिक्का एका दिवसात बसतो. एकटेपण मात्र आधीची काही वर्षं तयार होत असतं आणि ते तयार करण्यात अख्ख्या गावाचा हात असतो.

कायदा इथे स्पष्ट आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला. त्यानंतर त्याच महिन्यात राज्यात जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. कुणी करणी करतो, मंत्राने गुरांचं दूध आटवतो, रोगराई आणतो, असं एखाद्याबद्दल जाहीर करणं हाच या कायद्याने गुन्हा आहे. मारहाण होईपर्यंत थांबायची गरज नाही. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, वर ५ हजार ते ५० हजार रुपये दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. म्हणजे पोलिसांना तक्रार घ्यावीच लागते.

पण शिकलेल्या पोरांचं काम पोलिसांच्याही आधी सुरू होतं. सिकलसेल हा आई-वडिलांकडून येणारा आजार आपल्या जिल्ह्यात मोठ्या प्रमाणात आहे. एकाच घरातली भावंडं पाठोपाठ आजारी पडत असतील, अंग दुखून रडत असतील, तर त्याचं उत्तर रक्ताच्या तपासणीत सापडू शकतं. ती तपासणी सरकारी दवाखान्यात होते. जिने हे वर्गात शिकलंय अशी एखादी मुलगी त्या घरी वेळेवर गेली, तर शेजारच्या म्हातारीचं नाव निघायचं टळू शकतं. याहामोगी ही आपल्या डोंगरातली आई. तिच्या दर्शनाला माणसं डाबला चालत जातात. त्याच डोंगरातल्या म्हाताऱ्या आयांचं आपण काय करतो, हा प्रश्न बाहेरच्यांनी विचारण्याआधी आपणच विचारलेला बरा.

हे फक्त गरिबांकडे, अडाण्यांकडे होतं?

असं वाटत असेल तर लातूरचं उदाहरण घ्या. आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के रक्कम कापायची आणि ती आई-वडिलांना द्यायची, असा ठराव लातूर जिल्हा परिषदेने २०२० च्या अखेरीस केला. तो कागदावर राहिला नाही. काही कर्मचाऱ्यांच्या पगाराला खरोखर कात्री लागली. ज्यांच्याविरुद्ध तक्रारी आल्या त्यांत शिक्षकही होते. ही सगळी कायम नोकरीची, शिकलेली माणसं! पदवीने हे सुटत नाही. उलट पदवी असलेल्याला ते नीट झाकता येतं.

तेव्हा 'मी शिकतोय, मी असा नाही' या समजुतीत राहू नका. आणखी एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली नसेल. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी २००७ साली केंद्राचा कायदा झाला. त्यात 'अपत्य' या शब्दाचा अर्थ मुलगा-मुलगी एवढाच नाही. नातू आणि नातही त्यात येतात, फक्त सज्ञान असायला हवीत. तुम्हाला अठरा पूर्ण झाली असतील तर कायद्याच्या नजरेत तुम्ही बघे नाही आहात.

ओळखायचं कसं?

अंगावरचे वळ शोधू नका. ते असले तर दिसतीलच. मी स्वतःला विचारले ते प्रश्न देतो. सुट्टीत गावी गेलात की डोळे उघडे ठेवून बघा.

आजीला तिच्या खात्यात किती पैसे आहेत ते माहीत आहे का? कार्ड, पासबुक, रेशन कार्ड कुणाकडे असतं? तिने मागितलं तर ते लगेच मिळतं, की 'कशाला हवंय?' असं विचारलं जातं?

गेल्या वर्षभरात तिने कुठल्या कागदावर अंगठा दिला? तो कागद तिला कुणी वाचून दाखवला होता का?

ती सगळ्यांसोबत जेवते, की सगळ्यांनंतर? चष्मा फुटून किती महिने झाले? दात दुखतोय हे तिने कितीदा सांगितलं?

घरातलं एखादं माणूस आत आलं की ती बोलता बोलता गप्प होते का? तिला काही विचारलं की उत्तर दुसरंच कुणी देतं का?

अंगावर खूण असेल आणि 'पडले' असं ती म्हणत असेल, तर ती दर वेळी त्याच माणसाच्या घरी असताना पडते का?

एका 'हो'ने काही सिद्ध होत नाही. म्हातारपणी माणसं खरोखर पडतात, खरोखर विसरतात, कधी खरोखर एकटं बसावंसं वाटतं. पण उत्तरं एकमेकांना जुळायला लागली तर 'वय झालंय' म्हणून सोडून देऊ नका. मला विचाराल तर एवढंच बघा: जे तिचं आहे, त्याबद्दल तिला कुणी विचारतं का? पैसा, जमीन, वेळ, शरीर, कुठे बसायचं नि कुणाशी बोलायचं. विचारणं जिथे थांबतं, तिथून छळाची सुरुवात होते.

आणि आईचं काय?

इथे तुमच्यातल्या काही मुली म्हणतील, "आमच्या घरात आजीचं सगळं आईच करते. सकाळी शेतात, दुपारी रोजाला, संध्याकाळी स्वयंपाक, वर आजीचं आंघोळ-पाणी. ती कधी चिडून बोलली तर ती गुन्हेगार का?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. 'सून छळते' हे आपल्या समाजाचं आवडतं वाक्य आहे, कारण त्यात मुलगा सुटतो. सगळा भार एकाच बाईवर टाकायचा, तिला दमवायचं आणि ती ओरडली की तिलाच दोष द्यायचा, हाही अन्यायच. वर सांगितलेल्या २००७ च्या कायद्याचा वापर सुनेचा घरात राहण्याचा हक्क मारण्यासाठी करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे.

म्हणून आधी घरात कामाची वाटणी करा. मुलग्यांनो, हे तुम्हाला सांगतोय. आजोबांना संडासला नेणं, नखं कापणं, औषधाचा डबा भरणं यात 'बायकांचं काम' असं काही नसतं. सुट्टीतले दोन आठवडे तुम्ही ते केलंत तर आईचा आवाज आपोआप खाली येतो. करून बघा.

मग करायचं काय?

सगळ्यात आधी, काय करायचं नाही ते. व्हिडिओ काढून टाकू नका. 'नातवाने केला काकाचा पर्दाफाश' अशा रीलला लाइक मिळतील. तुम्ही सोमवारी होस्टेलला परताल, आजी मात्र त्याच घरात राहील, त्याच काकांसोबत. भांडण करून मोकळं व्हायचं, हेही तसंच.

आधी तिला एकटीला भेटा. घरात नको, शेताच्या बांधावर, देवळात, दवाखान्यात नेताना. विचारा, ऐका, घाई करू नका. तिला काय हवंय ते तिने ठरवू द्या. पुष्कळदा तिला तक्रार नको असते. तिला फक्त हवं असतं, की तिचं कार्ड तिच्याकडे यावं, किंवा लेकीकडे आठ दिवस जायला मिळावं. तेवढं तर तुम्ही करू शकता.

त्याने भागलं नाही, तर १४५६७ हा ज्येष्ठ नागरिकांसाठीचा मोफत फोन नंबर आहे. तिथे सल्ला मिळतो. जिवाला धोका असेल तर वेळ घालवू नका, ११२ लावा.

चरितार्थासाठी अर्ज प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणाकडे करता येतो. वकील लावावाच लागतो असं नाही. आजी स्वतः जाऊ शकत नसेल तर तिने सांगितलेलं दुसरं माणूस तिच्या वतीने अर्ज करू शकतं, म्हणजे तुम्हीही. नोटीस बजावल्यापासून साधारण ९० दिवसांत निकाल द्यावा, असं कायदा म्हणतो. महिन्याला जास्तीत जास्त १० हजार रुपयांपर्यंत चरितार्थाची रक्कम ठरू शकते. मूलबाळ नसलेल्या ज्येष्ठालाही, ज्या नातेवाईकाला त्याची मालमत्ता मिळणार आहे त्याच्याकडून ती मागता येते. म्हाताऱ्या माणसाला सोडून देणं हा तर गुन्हाच आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

जमीन किंवा घर आधीच नावावर करून दिलं असेल तर? 'सांभाळशील' या अटीवर दिलं होतं आणि सांभाळलं नाही, तर तो व्यवहार रद्द करता येतो. मध्य प्रदेशातल्या एका आईने मुलाला बक्षीसपत्र करून दिलं होतं आणि सांभाळण्याचं वचन मुलाकडून लिहून घेतलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०२५ रोजी ते बक्षीसपत्र रद्द ठरवून घर आईला परत द्यायला सांगितलं. यातून आपल्यासाठी धडा असा, की आजोबा काही नावावर करत असतील तर सांभाळण्याची अट कागदावर आणा. असं म्हणणारा नातू घरात वाईट ठरतो. ठरू दे.

कोर्टाची पायरी चढावी लागली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. स्त्रियांना आणि अनुसूचित जमातीतल्या कुणालाही त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. आपल्या जिल्ह्याची जवळपास ७० टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. म्हणजे ही मदत बहुतेकांच्या आजी-आजोबांना लागू आहे, फक्त त्यांना ते कुणी सांगितलेलं नाही.

कागदावरचे हे सगळे रस्ते नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या प्रांत कार्यालयाच्या दारात येऊन थांबतात. मोलगीच्या पलीकडच्या पाड्यावरून तिथवर यायला म्हाताऱ्या माणसाचा अख्खा दिवस जातो आणि भाषा आडवी येते ती वेगळीच. भिली, पावरी, मावची बोलणाऱ्या आजीचं म्हणणं साहेबाला कळेल असं कोण सांगणार? ती भाषा आणि साहेबाची भाषा, दोन्ही येणारी पहिली पिढी आपलीच आहे. आजीला फसवायलाही हीच गोष्ट उपयोगी पडते आणि तिच्या बाजूने उभं राहायलाही. मी आधी कशासाठी वापरली, ते वर सांगितलंच आहे.

या महिन्यात पैसे आले की आजीला घेऊन केंद्रावर जा. पैसे तिला मोजू द्या. वेळ लागेल, मागे रांग थांबेल, थांबू द्या. पासबुकात नोंद करून घ्या आणि आकडा तिला तिच्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवा. कार्ड असेल तर नवा पिन तिलाच ठरवायला सांगा. तिला लक्षात राहील असा आकडा विचारा. ती कदाचित तुमचंच जन्मसाल सांगेल. मग तिला सांगा की तो नको, दुसरा कुठलातरी निवड. आणि ती बटणं दाबेल तेव्हा तोंड दुसरीकडे करून उभे राहा.